भरतीला वादळ भेटते तेव्हा

सोलापूर समुद्रापासून लांब. तरी भरती-ओहोटीचा अर्धा हिशोब इथेच छापला जातो. शंभराहून अधिक वर्षे या गावातून दाते पंचांग निघते आहे. सकाळी ते उघडून आपण चतुर्थी बघतो, एकादशी बघतो, मुहूर्त शोधतो. कोकणातला नाखवा तिथीच्या रकान्यात पाणी वाचतो. तिथीची पाऊणपट केली की मुंबईकडच्या भरतीची वेळ साधारण निघते. द्वादशी असेल तर बाराची पाऊणपट नऊ. नऊच्या सुमारास भरती, तीनच्या सुमारास सुकती. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे मोठी भरती; अष्टमीला भांग, म्हणजे लहान. चंद्र-सूर्यातले अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी सरते, आणि समुद्राला ओढणारेही तेच दोघे. म्हणून पुढच्या वर्षीची भरती आजच सांगता येते.

वादळ कुठल्या पंचांगात नसते.

३ जून २०२० ची सकाळ द्वादशीची होती. ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडकडे येत होते. नेहमीच्या भरतीच्या वर १ ते २ मीटर पाणी चढेल, असा हवामान विभागाचा इशारा होता. दुपारी एकच्या सुमारास वादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आले. तिथीच्या हिशोबाने तेव्हा पाणी उतरणीला लागले होते. श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, त्या मुख्यतः वाऱ्याने. हेच वादळ तीन-चार तास आधी आले असते तर?

उत्तर सोपे वाटते. भरती अधिक वादळ, करा बेरीज. पण समुद्र अशी बेरीज करत नाही.

बशीतल्या चहावर फुंकर घातली की चहा काठाशी धावतो. तेवढीच फुंकर भरल्या पेल्यावर घातली तर वर नुसती थरथर. वाऱ्याचे समुद्रावर तसेच चालते. पाणी उथळ, तर वारा ते अधिक उंच रचतो. भरतीने खोली वाढली की त्याच वाऱ्याचा ढीग थोडा कमी होतो. एकूण पातळी अर्थात भरतीलाच जास्त, धोकाही तेव्हाच मोठा. पण भरतीने वादळाला थोडे बदललेले असते. वादळही भरतीला बदलते. वाऱ्याने पाणी वाढवले की भरतीची लाट वेगाने सरकते आणि वेळेआधी पोचते. पाऊणपटीचा हिशोब त्या दिवशी चुकतो.

हे सारे आता संगणकावर मांडतात. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या महासागर माहिती केंद्रात वादळी लाटेचे अंदाज तयार होतात. गंमत अशी, की हैदराबादही आपल्यासारखेच दख्खनच्या पठारावर. खिडकीतून समुद्र दिसायचा नाही. मॉडेलमध्ये समुद्राचे त्रिकोण पाडतात. भर समुद्रात मोठे, किनाऱ्याशी आणि खाडीच्या तोंडाशी बारीक. प्रत्येक कोपऱ्यावर तिथली खोली. भरती आणि वादळ यांचे नाते तपासायचे असेल तर अभ्यासक गणित तीनदा चालवतात. एकदा नुसती भरती. एकदा नुसते वादळ. तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र. पहिल्या दोन उत्तरांची बेरीज तिसऱ्याशी जुळत नाही. जो फरक उरतो तो भरतीचा नसतो, वादळाचाही नसतो. दोघे भेटले म्हणून तो असतो. एकेकट्याकडे कितीही बारकाईने पाहिले तरी तो सापडायचा नाही.

मला त्या उरलेल्या फरकाचेच कुतूहल वाटते.

वादळ किनाऱ्याला कधी टेकणार, हा अंदाजही दर काही तासांनी बदलतो. सहा तास इकडचे तिकडे झाले की भरतीच्या जागी ओहोटी येते. त्यामुळे गणित पुन्हा पुन्हा चालवावे लागते.

आणि समुद्र आपल्यापासून लांब, हे तरी किती खरे? ‘निसर्ग’च्याच वर्षी, १३ ऑक्टोबरला बंगालच्या उपसागरातले तीव्र कमी दाबाचे क्षेत्र काकीनाड्याजवळ जमिनीवर चढले आणि दुसऱ्या दिवशी सोलापूर जिल्ह्यावर कोसळले. आभाळातून पाऊस, उजनी धरणातून सोडलेले पाणी, आणि पंढरपुरात भीमेला पूर. तिथेही दोन्हीकडचे पाणी वेगवेगळे मोजून भागत नव्हते. घाटाजवळ राहणाऱ्याला आकडा नको होता. पाणी दारात किती वाजता येणार, एवढेच त्याला हवे होते.