नावाचा मोबदला आणि खेळाची मजुरी

३० जून २०२१पर्यंत अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाडूला स्वतःच्या नावावर पैसे कमावण्याची मुभा नव्हती. शिष्यवृत्ती, निवास, जेवण आणि पुस्तके यांपलीकडे जाऊन त्याने बुटांची जाहिरात केली किंवा सही केलेले छायाचित्र विकले, तर तो ‘हौशी’ राहत नसे आणि संघाबाहेर जाई. नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन, म्हणजे एनसीएए, या संघटनेचा हा दंडक होता. अमेरिकी फुटबॉल आणि बास्केटबॉल हे दोन महाविद्यालयीन खेळ मात्र हौशी म्हणावेत असे कधीच राहिले नव्हते. मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानात एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. पुरुषांच्या बास्केटबॉल स्पर्धेच्या प्रक्षेपणासाठी २०१० साली झालेला १४ वर्षांचा करार १०.८ अब्ज डॉलरचा होता. प्रशिक्षकांचे वेतन कोटींत, प्रक्षेपणाचे हक्क अब्जांत आणि मैदानात घाम गाळणारा तेवढा हौशी, अशी ही व्यवस्था होती.

तिचा अन्याय एका प्रकरणात स्वच्छ दिसतो. २०१० साली जॉर्जिया विद्यापीठाचा फुटबॉलपटू ए. जे. ग्रीन याने एका सामन्यात घातलेली स्वतःची जर्सी हजार डॉलरना विकली. एनसीएएने त्याला चार सामने बाहेर बसवले. त्याच काळात त्याच्या आठ क्रमांकाच्या जर्सीच्या प्रतिकृती विद्यापीठाच्या दुकानात राजरोस विकल्या जात होत्या. खेळाडूच्या लोकप्रियतेला बाजारात किंमत होती, हे सर्वांनाच मान्य होते. ती घेण्याचा अधिकार फक्त त्याला नव्हता.

या दंडकाला पहिला मोठा तडा गेला तो एका व्हिडिओ गेममुळे. १९९५ साली यूसीएलए विद्यापीठाला विजेतेपद मिळवून देणाऱ्या एड ओबॅनन याने एका मित्राच्या घरी बास्केटबॉलचा गेम पाहिला. त्यात त्याचाच संघ होता, ३१ क्रमांकाची त्याचीच जर्सी होती, तुळतुळीत डोके होते आणि डावखुरी फेकही होती. नाव मात्र छापलेले नव्हते आणि मोबदला एक पैही नव्हता. २००९ साली तो न्यायालयात गेला. न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी २०१४ साली एनसीएएचे नियम स्पर्धाविरोधी ठरवले. २०१९ साली कॅलिफोर्निया राज्याने खेळाडूंना जाहिरातीचे उत्पन्न मिळवू देणारा कायदा केला आणि इतर राज्येही त्या वाटेने निघाली. आपले चांगले खेळाडू शेजारच्या राज्यात जातील, ही भीती त्या घाईमागे होती. अखेर २१ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खेळाडूंनी लढवलेल्या ऑल्स्टन खटल्यात एनसीएएच्या विरोधात ९-० असा एकमुखी निकाल दिला. तो निकाल शिक्षणाशी निगडित लाभांपुरता होता, जाहिरातींविषयी नव्हे. पण हौशीपणाच्या नावाखाली आपल्याला स्पर्धा कायद्यातून सूट मिळावी, हा संघटनेचा दावा त्याने मोडीत काढला. दहा दिवसांनी, १ जुलैला, जाहिरातबंदी उठली.

जाहिरात करार प्रत्यक्षात कसा होतो, ते साधे आहे. कंपनी थेट किंवा एजंटमार्फत खेळाडूला गाठते. किती पोस्ट टाकायच्या, किती वेळ दुकानाच्या उद्घाटनाला हजर राहायचे, छायाचित्र किती महिने वापरायचे, प्रतिस्पर्धी कंपनीचे काम करता येईल की नाही, हे कागदावर ठरते. कराराची माहिती विद्यापीठाला द्यावी लागते. विद्यापीठाचे बोधचिन्ह किंवा गणवेश जाहिरातीत हवा असेल तर त्याची वेगळी परवानगी लागते. दारू, तंबाखू आणि जुगार यांच्या जाहिराती अनेक राज्यांनी वर्ज्य केल्या आहेत. बहुतेक खेळाडूंच्या वाट्याला येते ते गावातल्या उपाहारगृहाचे मोफत जेवण, एखादा बुटांचा जोड किंवा काही शे डॉलर. डोळे दिपवणारे आकडे मूठभरांचे असतात.

त्या मूठभरांत मुलीही आहेत, ही या बदलातली मनापासून स्वागत करावी अशी गोष्ट. बंदी उठली त्याच दिवशी करार जाहीर करणाऱ्यांत फ्रेझ्नो स्टेट विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातल्या हेली आणि हॅना कॅव्हिंडर या जुळ्या बहिणी होत्या. लुइझियाना स्टेटची जिम्नॅस्ट लिव्ही डन समाजमाध्यमांवरच्या चाहत्यांच्या बळावर सर्वाधिक कमावणाऱ्या महाविद्यालयीन खेळाडूंत गणली गेली. आयोवा विद्यापीठाची बास्केटबॉलपटू केटलिन क्लार्क हिने विद्यार्थिदशेतच नायकी, गेटोरेड आणि स्टेट फार्म यांच्याशी करार केले होते. पुढे २०२४ साली ती महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये गेली, तेव्हा तिथले तिचे पहिल्या वर्षाचे वेतन होते ७६,५३५ डॉलर. अनेक मुलींच्या बाबतीत खेळातून कमाई होण्याचा काळ हा महाविद्यालयातलाच असतो. जिम्नॅस्टपुढे तर व्यावसायिक लीगच नाही. जुन्या दंडकाने हीच वर्षे हिरावून घेतली होती.

हा पैसा हाताशी येतो तो अठरा-वीस वर्षांच्या मुलांच्या, आणि तिथेच त्यांची फसगतही होते. जाहिरातीचे उत्पन्न हे कायद्याने स्वतंत्र व्यावसायिकाचे उत्पन्न असते. त्यातून कर आपोआप कापला जात नाही. प्राप्तिकराखेरीज १५.३ टक्के स्वयंरोजगार करही भरावा लागतो, आणि वापरायला मिळालेल्या मोटारीची किंमतसुद्धा उत्पन्नात धरली जाते. करारातली कलमे त्याहून जड पडू शकतात. २०२२ साली फ्लोरिडा विद्यापीठाच्या एका फुटबॉलपटूने ४,३६,४८५ डॉलर घेतले आणि त्या बदल्यात व्यावसायिक कारकिर्दीतल्या करपूर्व कमाईचा १५ टक्के वाटा २५ वर्षे देण्याचे लिहून दिले. व्यावसायिक संघात निवड झाल्यावर त्याला या कराराविरुद्ध न्यायालयाचे दार ठोठावावे लागले. विद्यापीठे खेळाडूसाठी आहारतज्ज्ञ, फिजिओ आणि शिकवणीचे शिक्षक नेमतात. करार वाचून देणारा, फक्त खेळाडूचेच हित पाहणारा वकील त्यांच्याइतकाच गरजेचा आहे.

तरीही या व्यवस्थेचा खरा दोष करारांच्या कलमांत नाही. जाहिरात म्हणून दिल्या जाणाऱ्या बऱ्याच पैशाचा जाहिरातीशी संबंधच नसतो. २०२१नंतर जवळपास प्रत्येक मोठ्या विद्यापीठाभोवती श्रीमंत पाठीराख्यांचे ‘कलेक्टिव्ह’ उभे राहिले. देणगीदारांकडून पैसा गोळा करायचा आणि खेळाडूंना वाटायचा, हे त्यांचे काम. बदल्यात दोन-चार पोस्ट किंवा एखाद्या संस्थेला भेट, एवढी औपचारिकता. लाखो डॉलर देणाऱ्याला त्या पोस्टमधून काहीही विकायचे नसते. त्याला आपल्या संघात चांगला खेळाडू हवा असतो. शाळकरी खेळाडूंना खेचण्यासाठी असा पैसा वापरण्यास एनसीएएची बंदी होती, पण फेब्रुवारी २०२४मध्ये टेनेसी आणि व्हर्जिनिया या राज्यांच्या दाव्यात न्यायालयाने तिच्या अंमलबजावणीला मनाई केली. विद्यापीठ बदलण्यावरची बंधनेही त्याच सुमारास गळून पडली होती. खेळाडू दरवर्षी नव्या बोलीला उभा राहू लागला. यात खेळाडूंना दोष देणे चुकीचे आहे. त्यांना त्यांच्या खेळाचाच मोबदला मिळत होता. फक्त तो द्यायला विद्यापीठे तयार नव्हती, म्हणून तो चाहत्यांच्या खिशातून आणि जाहिरातीच्या नावाने येत होता.

६ जून २०२५ रोजी न्यायाधीश विल्केन यांनीच मंजूर केलेल्या, खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या हाउस खटल्यातील तडजोडीने ही कोंडी अर्धी फोडली. २०१६पासूनच्या खेळाडूंना सुमारे २.८ अब्ज डॉलरची भरपाई देण्याचे ठरले, आणि तडजोडीत सामील विद्यापीठांना २०२५-२६ या वर्षी सुमारे २.०५ कोटी डॉलरपर्यंत रक्कम थेट खेळाडूंना देण्याची वाट मोकळी झाली. भरपाईचा फार मोठा हिस्सा पुरुषांच्या फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जातो. शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणाऱ्या १९७२च्या कायद्यात हे कसे बसते, असा प्रश्न करून काही महिला खेळाडूंनी अपील केले. सहाशे डॉलर वा त्याहून मोठा प्रत्येक बाहेरचा करार आता ‘एनआयएल गो’ या तपासणी यंत्रणेकडे नोंदवावा लागतो. त्यामागे खरा व्यापारी हेतू आहे का आणि रक्कम बाजारभावाला धरून आहे का, हे तिथे पाहिले जाते. कलेक्टिव्हच्या करारांना आधी कडक नकार मिळाला आणि काही आठवड्यांतच तो सैल करावा लागला. विद्यापीठांनी द्यायच्या रकमेवर मर्यादा असेपर्यंत उरलेला पैसा जाहिरातीच्या दारानेच येत राहणार.

या साऱ्या तडजोडींत एक गोष्ट कसोशीने टाळली गेली आहे, ती म्हणजे खेळाडूला कर्मचारी म्हणणे. ही टाळाटाळ जुनी आहे. १९५५ साली कोलोरॅडोतील फोर्ट लुईस महाविद्यालयाचा खेळाडू रे डेनिसन सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या पत्नीने कामगार म्हणून भरपाई मागितली, ती राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली नाकारली. त्याच दशकात एनसीएएचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द रूढ केला. खेळाडू कामगार ठरू नये, हा त्यामागचा हेतू होता, हे त्यांनी पुढे स्वतःच्या पुस्तकात उघड लिहिले. मार्च २०२४मध्ये डार्टमथ महाविद्यालयाच्या पुरुष बास्केटबॉलपटूंनी १३ विरुद्ध २ मतांनी कामगार संघटनेच्या बाजूने कौल दिला, पण वर्ष संपता संपता संघटनेच्या मान्यतेचा अर्जच मागे घ्यावा लागला. जाहिरातीच्या करारातून पैसा मिळतो. दुखापतीची भरपाई, कामाच्या तासांची मर्यादा आणि सामूहिक वाटाघाटीचा हक्क मिळत नाही. मजुरी मजुरी म्हणूनच दिली, तर जाहिरातीचे करार खऱ्या जाहिरातींपुरते उरतील आणि त्यांची तपासणी करणारी यंत्रणा बाळगण्याचे कारणही बरेचसे संपेल.

परदेशी खेळाडूंसाठी मात्र जाहिरात आणि मजुरी या दोन्ही वाटा अवघड आहेत. क्रीडा शिष्यवृत्तीवर गेलेले भारतीयही त्यांत येतात. महाराष्ट्राची टेनिसपटू ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली, ती या बदलाच्या आधी. आज तशा वाटेने जाणारी मुले एफ-१ विद्यार्थी व्हिसावर असतात, आणि त्या व्हिसावर विद्यापीठाबाहेर मनाजोगे काम करता येत नाही. जाहिरातीचे चित्रीकरण किंवा सशुल्क पोस्ट हे काम ठरू शकते आणि व्हिसा धोक्यात येऊ शकतो. म्हणून काही जण अमेरिकेबाहेर असताना काम उरकतात. केंटकी विद्यापीठाचा, मूळचा काँगोचा बास्केटबॉलपटू ऑस्कर शिब्वे याने २०२२च्या उन्हाळ्यात संघाच्या बहामा दौऱ्यातच आपले करार पार पाडले. विद्यापीठाने थेट दिलेली रक्कम या व्हिसात कशी बसते, याचे नेमके उत्तर स्थलांतर कायद्याने दिलेले नाही. एकाच संघात, एकाच घामावर, शेजारी उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाला पैसे घेता येतात आणि दुसऱ्याला आधी वकिलाचा सल्ला घ्यावा लागतो.