वेळात वेळ

मराठीत वेळ 'काढतात'. विहिरीतून पाणी काढावं तसा. पाणी उपसलं की विहिरीची पातळी खाली गेलेली दिसते. वेळ मात्र कुणाच्या विहिरीतून काढला, हे सहसा विचारलं जात नाही. 'वेळात वेळ काढून धावतो' असं म्हटलं की ऐकणारा कौतुक करून मोकळा होतो.

समजा, बालाघाटात बँकेत नोकरी करणाऱ्या एका चाळिशीतल्या गृहस्थांनी मुंबईची जानेवारीतली मॅरेथॉन मनावर घेतली. 42.195 किलोमीटर. रविवारी पहाटे पावणेपाचला उशीखालचा फोन थरथरतो. बूट रात्रीच व्हरांड्यात काढून ठेवलेले, कारण कपाटाचं दार करकरतं आणि धाकटी जागी होते. कडी आवाज न करता लावून ते वारासिवनीच्या रस्त्याला लागतात. वैनगंगेच्या पुलावर धुकं आणि सायकलीला कॅन लटकवलेला एखादा दूधवाला, बाकी कोणी नाही. आदल्या रात्री घरात एवढंच बोलणं झालेलं असतं: "किती वेळ लागेल?" "अडीच तास." "म्हणजे चार." बायकोचं गणित चुकत नाही. नवरा फक्त रस्ता मोजतो. ती मोजते ती कडी निघाल्यापासून: धावणं, मग अंघोळ, दुप्पट नाश्ता आणि 'जरा पाय वर करून पडतो' म्हणत लागलेली झोप.

पहिल्या मॅरेथॉनची तयारी साधारण 16 ते 18 आठवड्यांची असते. आठवड्याला सहा तास धावणं धरलं तर 18 आठवड्यांचे 108 तास होतात. त्यात अंघोळ-झोपेचे तीनेक तास दर आठवड्याला मिळवले की आकडा 162 वर जातो, आणि आठवड्यात तास असतात 168. म्हणजे घरातून जवळजवळ एक अख्खा आठवडा उचलून नेला. तोही कुठला? जानेवारीच्या मध्यापासून 18 आठवडे मागे मोजले की सप्टेंबरचा मध्य येतो. नवरात्र, दिवाळी, मुलांची सहामाही सगळं त्यात. बालाघाट हा धानाचा जिल्हा. ज्याची गावाकडे थोडी शेती आहे, त्याची कापणी-मळणीही नेमकी याच दिवसांत येते.

आठवड्यातली छोटी धाव तुकड्यांत करता येते. सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं केली तरी फार बिघडत नाही. रविवारची लांब धाव मात्र तोडता येत नाही. दोन-अडीच तास न थांबता धावल्यावर स्नायूंतली साठवलेली साखर उतरणीला लागते, शरीर चरबीवर अधिक भागवायला शिकतं, आणि दमलेल्या पायांनीही चाल टिकवायची सवय होते. तीच धाव सकाळ-संध्याकाळ वाटली तर हा धडा अर्धवट राहतो. घरातली खरी वाटाघाट म्हणूनच रविवारच्या सकाळीवर येऊन थांबते, आणि रविवारची सकाळ सगळ्यांनाच हवी असते.

सर्वांत अवघड शर्यतींपैकी काहींमध्ये दुसऱ्यांच्या वेळेची ही उधारी निदान उघड असते. 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे 4,800 किलोमीटरची सायकल शर्यत एकट्यानं पुरी करायला 12 दिवस मिळतात, आणि झोपलं तरी घड्याळ थांबत नाही. 2015 मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ती जोडीनं पूर्ण केली. 2017 मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि बालाघाटकरांच्या शेजारच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकेकट्यानं पार केली. 'एकेकट्यानं' हा शब्द मात्र जपून वापरायला हवा. स्वाराच्या मागे गाडी असते. गाडीत भरवणारे, उठवणारे, रस्ता दाखवणारे, पंक्चर काढणारे असतात, आणि तशी माणसं असल्याशिवाय सुरुवातच करू देत नाहीत. बँकेतल्या गृहस्थांच्या मागेही अशी गाडी आहे. ती स्वयंपाकघरात उभी असते, एवढाच फरक.

हा फरक किती मोठा आहे ते केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात दिसतं. घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका तेव्हा त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवत होत्या, पुरुष 97. पुरुषाला दिवसातून तास काढणं जमतं त्यातला बराच भाग या दोन आकड्यांमधल्या फटीतून येतो. मग बाईनं कुठून काढायचा? ऑलिंपिकमध्ये पुरुषांची मॅरेथॉन 1896 पासून आहे, बायकांची 1984 मध्ये आली. मधल्या 88 वर्षांतला बराच काळ बायकांना एवढं अंतर झेपणार नाही असं मानलं जात होतं. आषाढात धानाच्या बांधीत दिवसभर वाकून रोवणी करणाऱ्या बाईला हे कुणी सांगितलं असतं, तर तिनं चिखलाचा हात तसाच कपाळाला लावला असता.

बारामतीच्या लता भगवान करे साठी ओलांडल्यावर, नवऱ्याच्या तपासण्यांसाठी पैसे हवेत म्हणून, नऊवारीत अनवाणी ज्येष्ठांच्या शर्यतीत धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनीच काम केलं, आणि 67 व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्या कामाची विशेष दखल घेतली गेली. शर्यत तीनच किलोमीटरची होती. पण त्यांच्या धावण्यासाठी घरच्यांना काही सोडावं लागलं नव्हतं. उलट घरासाठीच त्या धावल्या होत्या. बहुतेक हौशी धावपटूंचं याच्या नेमकं उलट असतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त घरच्यांना 'प्रेरणा' म्हणून फोटोखाली हात जोडायचे आणि सोमवारी चहाचा कप तसाच टेबलावर ठेवून उठायचं, हे काही बरं दिसत नाही.

काही घरांत तोडगा निघतो. शर्यत एक वर्ष पुढे जाते, 42 चे 21 होतात, किंवा एक रविवार त्याचा आणि एक तिचा ठरतो. तिच्या रविवारी ती पुलापर्यंत चालत जाते. तिला शर्यत नको, घड्याळ नको. साडेसहाला फोन वाजतो: पोह्यांचा डबा कुठल्या फळीवर आहे? पुन्हा वाजतो: मोहरी आधी की कांदा? तिसऱ्यांदा तो वाजत नाही, नुसता थरथरतो, कारण तिनं आवाज बंद केलेला असतो. कठड्यावर कोपर टेकून ती खालचं पाणी बघत असते.