नेत्याचा ‘मी’ मोजून काय कळते?

बोलताना जीभ घसरली की पोटातले ओठावर येते, या जुन्या समजुतीला सिग्मंड फ्रॉइडने 1901 च्या आपल्या ग्रंथात शास्त्राचा दर्जा दिला. त्यातले एक गाजलेले उदाहरण राजकारणातलेच आहे. ऑस्ट्रियाच्या संसदेतील कनिष्ठ सभागृहाच्या अध्यक्षाने गणसंख्या पूर्ण असल्याचे सांगितले आणि बैठक सुरू झाल्याऐवजी संपल्याचे जाहीर करून टाकले. या बैठकीतून काही चांगले निघणार नाही, ती एकदाची उरकावी, असे त्याच्या मनात होते, हा फ्रॉइडचा अर्थ. पण ‘सुरू’ आणि ‘समाप्त’ हीच जोडी वर्षानुवर्षे उच्चारणाऱ्याच्या तोंडी एकाच्या जागी दुसरा शब्द येणे यात नवल कसले? त्यासाठी सुप्त इच्छा कशाला हवी? लेखक जॉर्ज ऑर्वेलने 1946 मध्ये निसटलेले शब्द सोडून बेतून वापरलेल्या शब्दांकडे बोट दाखवले. असहाय गावांवर बॉम्ब टाकायचे आणि त्याला शांतता प्रस्थापित करणे म्हणायचे, ही राजकारण्यांची रीत त्याने उघडी केली. माझ्या मते ही वाट अधिक भरवशाची, कारण दुसरा शब्द हाताशी असताना तो टाळला गेला, हे इथे दाखवता येते.

पुढे संगणक आले आणि शब्दांची मोजदाद सुरू झाली. जेम्स पेनबेकर या मानसशास्त्रज्ञाने तर मोठमोठे शब्द बाजूला ठेवून सर्वनामेच मोजली. बोलणाऱ्याचे त्यांच्याकडे लक्ष नसते, म्हणून ती खरी चुगलखोर, असा त्याचा तर्क. बराक ओबामा सतत ‘मी, मी’ करतात, म्हणजे आत्मकेंद्री आहेत, अशी टीका अमेरिकेत जोरात होती. भाषाशास्त्रज्ञ मार्क लिबरमन यांनी 2009 मध्ये अध्यक्षांच्या सुरुवातीच्या पत्रकार परिषदांतले शब्द मोजले, तर आधीचे अध्यक्ष बुश आणि क्लिंटन या दोघांचेही प्रमाण ओबामांपेक्षा जास्त निघाले. टीकाकारांना ‘मी’ ऐकू येत होता तो आधीच्या रागामुळे. शिवाय पेनबेकरच्या अभ्यासात वरच्या पदावरचा माणूस खालच्याशी बोलताना ‘मी’ उलट कमीच वापरतो. तेव्हा सर्वनामाच्या आकड्यावरून अहंकार मोजणे म्हणजे निव्वळ अंदाजपंचे.

भाषणे लिहून देणारे वेगळेच असतात, मग शब्द नेत्याचे कसे, हा आक्षेप रास्त आहे. अमेरिकेतले रिपब्लिकन नेते न्यूट गिंग्रिच यांच्या संघटनेने 1990 मध्ये रिपब्लिकन उमेदवारांना शब्दांची यादीच वाटली होती: स्वतःसाठी उजळ शब्द, विरोधकांसाठी भ्रष्ट, गद्दार असले. त्या यादीतला शब्द उच्चारणाऱ्याचा स्वभाव त्यावरून कळणार नाही. पण प्रतिस्पर्ध्याला शत्रू ठरवायचे हा यादी करणाऱ्यांचा बेत मात्र स्वच्छ कळतो, आणि मतदाराला तोच कळायला हवा.

सर्वनामांचे हे मोजमाप जसेच्या तसे मराठीत आणले तर फसते. ‘करीन’, ‘बोलेन’ यांत ‘मी’ क्रियापदाच्या पोटातच असतो, मोजणार काय? कर्ता गाळण्याचेही तसेच. इराणला गुपचूप शस्त्रे विकल्याच्या इराण-कॉन्ट्रा प्रकरणानंतर अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी 1987 मध्ये गंभीर चुका झाल्या असे म्हटले, पण कोणी केल्या ते त्या वाक्यात आले नाही. इंग्रजीत ती पळवाट ठरली. मराठीत ‘चूक झाली’ हे घरातले रोजचे बोलणे. तेवढ्यावरून कोणाला दोषी धरता येत नाही. मात्र आपल्याकडे दुसरी एक जागा आहे. ऐकणाऱ्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि सामावून घेणारे ‘आपण’ यांतून वक्त्याला दरवेळी एक उचलावेच लागते. ‘आपण कोणाच्या बापाला घाबरत नाही’ यातले ‘आपण’ म्हणजे नुसता ‘मी’, हे खरे. आदरार्थी ‘आपण’ आणखी वेगळे. म्हणून आकडा पुरत नाही, पूर्ण वाक्य पाहावे लागते. पूल बांधला ‘आम्ही’ आणि पाणीकपातीत कळ सोसायची ‘आपण सगळ्यांनी’, अशी वाटणी पाच वर्षांच्या भाषणांत, मुलाखतींत आणि सभागृहातल्या आयत्या वेळच्या उत्तरांतही टिकून राहिली, तर ती भाषण लिहून देणाऱ्याच्या माथी मारता येत नाही.