टाळी कोणासाठी?

दुसरा हरल्यावाचून आपला आनंद पुरा होत नसेल, तर त्याला निर्मळ आनंद म्हणावे काय?

रविवार, १९ नोव्हेंबर २०२३. सकाळची मिस्सा झाली आणि दुपारी कोल्हापुरातील आमचे सारे कुटुंब दूरदर्शन संचापुढे जमले. परातीत भडंग, मांडीवर दोन वर्षांचा नातू. सलग दहा सामने जिंकलेला भारत विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात २४० धावांत बाद झाला. मग ऑस्ट्रेलियाचा ट्रॅव्हिस हेड १३७ धावा करून गेला. चेंडू सीमेपार गेला की नातू टाळ्या पिटी. फटका कोणाचा, हे त्याच्या गावीही नव्हते. चिडून आम्ही त्याचे हात धरले. तो गोंधळला, मग मुठीतले भडंग त्याने आमच्याच ओठांशी नेले. ऑस्ट्रेलिया सहा गडी राखून जिंकली.

श्रेष्ठ कोण, असा प्रश्न शिष्यांनी केला तेव्हा प्रभूने एका बालकाला त्यांच्यामध्ये उभे केले. त्याचे मर्म त्या रात्री आम्हांला थोडे उमगले. आपल्या संघावर प्रेम असणे हा दोष नव्हे. हरल्याचे दुःखही खोटे नव्हे. परंतु जे प्रेम दुसऱ्याच्या गुणाला दाद देऊ देत नाही, त्यात अहंकाराचा वाटा किती, हे ज्याने त्याने तपासावे.

आम्ही धरलेले हात सोडले. उशिरा का होईना, टाळी वाजवली.