सेफ्टीवर भिस्त ठेवू नकोस

पावस, जि. रत्नागिरी

चि. बाबू,

काजूच्या हंगामात रोकड घेऊन लांजा-राजापूरकडे फिरावं लागतं म्हणून तू पिस्तुलाचा परवाना काढलास. परवा फोनवर म्हणालास, नवं कोरं पिस्तूल रेंजवर सारखं अडकतं, ‘आणि हो, सेफ्टीपण जरा सैल आहे.’ अडकण्याबद्दल बराच वेळ बोललास आणि सेफ्टीचं एका वाक्यात उरकलंस. मला काळजी लागली ती त्या एका वाक्याने.

अडकण्याचं आधी सांगतो, ते लवकर संपेल. नवं हत्यार गंजू नये म्हणून घट्ट ग्रीस लावून येतं. ते पुसून, हलकं तेल देऊन मगच बार काढायचे असतात. मॅगझिनची स्प्रिंग कमजोर असली किंवा त्याचे ओठ वाकलेले असले, तरी गोळी सरळ वर चढत नाही. आपल्या खाऱ्या हवेत काडतुसंही सर्दावतात. पिस्तूल चामड्याच्या पाकिटात ठेवून देऊ नकोस, चामडं ओल धरतं आणि एका पावसाळ्यात गंज चढतो. दोन गोष्टी मात्र पक्क्या ध्यानात ठेव. चाप दाबून बार झाला नाही, तर नळी समोरच धरून निदान अर्धं मिनिट थांब. गोळी उशिराही सुटते. आणि आवाज फुसका आला, तर पुढचा बार काढूच नकोस. आधीची गोळी नळीतच अडकली असेल, तर पुढच्या बाराला नळी फुटेल.

आता सेफ्टी. आपल्या घरात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. रानडुकरं भात लोळवायची, तेव्हा तुझे आजोबा रात्री माळ्यावर बसत. बंदूक ठासलेली असे, पण दारूला ठिणगी देणारी केप त्यांच्या खिशात. जनावर समोर आल्याशिवाय ती चढत नसे आणि घराच्या वाटेला लागायच्या आधी उतरत असे. केपच नाही, तर नुसता घोडा पडून बार उडत नाही. त्या बंदुकीची खरी सेफ्टी त्यांच्या खिशात होती. तुझ्या पिस्तुलात ती एका कळीवर आणि नखाएवढ्या दातावर आली आहे.

तो दात काय करतो ते समजून घे. घोडा चढवलास की त्याच्या बुडाच्या खाचेत एक छोटा पोलादी दात बसतो आणि त्याला मागे धरून ठेवतो. चाप दाबला की दात सरकतो, घोडा पडतो. सेफ्टी कशाला अडवते हे प्रत्येक हत्यारात वेगळं असतं. कित्येक दुनळी बंदुकांत ती फक्त चाप अडवते, आतला घोडा मोकळाच राहतो. बंदूक आपटली तर दात निसटून बार उडू शकतो. म्हणून सेफ्टी लावलेली आहे एवढ्यावर कोणतंही हत्यार निर्धोक ठरत नाही. तुझी तर सैल आहे.

पारखायची असेल तर अशी पारख. आधी मॅगझिन काढ, मग स्लाइड मागे ओढून चेंबरमध्ये डोळ्यांनी बघ आणि बोटाने चाचप. हा क्रम उलटा केलास, तर मॅगझिनमधली गोळी चेंबरमध्ये जाऊन बसते आणि तुला वाटतं पिस्तूल रिकामं आहे. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेव. नळी वाळूच्या पोत्याकडे धरून घोडा चढव, सेफ्टी लाव, चाप जोराने दाब आणि सोड. मग चापाला बोट न लावता सेफ्टी काढ. घोडा त्या क्षणी पडला, तर समज की दात आधीच निसटला होता. असं पिस्तूल एकदाही भरायचं नाही.

कंपनी मोठी म्हणून निर्धास्त राहू नकोस. टॉरस या ब्राझीलच्या कंपनीची काही पिस्तुलं खाली पडली तर सुटतात आणि सेफ्टी लावलेली असतानाही त्यांचा बार होतो, असा दावा अमेरिकेत झाला. २०१५ मध्ये कंपनीने नऊ मॉडेलांबाबत तडजोड केली, दोष मात्र मान्य केला नाही. सिग साऊरच्या पी ३२० पिस्तुलाच्या धर्तीचं हत्यार अमेरिकी लष्कराने २०१७ च्या जानेवारीत निवडलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, विशिष्ट कोनात पडल्यास पी ३२० सुटतं हे समोर आलं आणि कंपनीला फुकट दुरुस्ती देऊ करावी लागली. आपल्याकडचं तर तुला आठवत असेल. १ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे मुंबईत नट गोविंदाच्या स्वतःच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटून त्याच्याच पायात घुसली. रिव्हॉल्व्हर हातातून निसटलं, असं त्याच्या माणसांनी सांगितलं. घरात दुसरं कुणी समोर असतं तर?

तू म्हणालास, ओळखीचा लेथवाला आहे, कानस मारून देईल. बाबू, हे अजिबात करू नकोस. त्या दाताला केसभर जास्त कानस लागली, तर घोडा धरायला काही उरत नाही. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे, परवाना नसलेल्या माणसाने हत्यार दुरुस्त करणं हा गुन्हा आहे. तोही अडकेल आणि तुझा परवानाही जाईल.

ज्याच्याकडून घेतलंस त्या विक्रेत्याला लेखी कळव. दोष काय, कधी दिसला, पिस्तुलाचा नंबर, पावतीची तारीख, सगळं लिही आणि पोच घे. तोंडी तक्रारीला कुणी विचारत नाही. नेताना पिस्तूल रिकामं, काडतुसं वेगळ्या डब्यात आणि मूळ परवाना जवळ असू दे. विक्रेता जिल्ह्याबाहेरचा आहे, तेव्हा परवान्यावर क्षेत्र कुठवरचं लिहिलंय ते निघण्याआधी बघ. ‘थोडं वापरा, बसेल आपोआप’ असं तो म्हणाला तर ऐकू नकोस. अडकणं कदाचित वापराने सुटेल, सैल सेफ्टी वापराने आणखी सैल होते.

तोवर पिस्तूल कमरेला लावायचं नाही. रिकामं करून कुलपात ठेव, किल्ली तुझ्याजवळ. तुझी पोरं आता कपाटापर्यंत पोचतात. काजूचे पैसे बँकेतून फिरव. तक्रारीचं पत्र लिहायला रविवारी इकडेच ये, पावती आणि परवाना घेऊन. पिस्तूल आणू नकोस.

तुझा,
काका