दाराबाहेरचा साक्षीदार

देव एक आणि तरी तीन, या ख्रिस्ती त्रैक्याला बायबलात उघड आधार आहे काय? मत्तयाच्या शेवटी पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देण्याची आज्ञा आहे. पण ते तिघे एक, असे तेथे म्हटलेले नाही. तसे स्वच्छ म्हणणारी ओळ प्रचलित लॅटिन प्रतींत, योहानाच्या पहिल्या पत्रात होती. १५१६ साली बाझलला ग्रीक नवा करार छापताना इरॅस्मसने ती गाळली. ग्रीक पोथ्यांत त्याला ती सापडलीच नव्हती. केवढा गहजब! अखेर एक ताजी ग्रीक पोथी पुढे करण्यात आली आणि १५२२ मध्ये त्याने ती ओळ, कुरकुरतच, आत घेतली. मला राहून राहून नवल वाटते ते याचे, की हा मनुष्य स्वतः त्रैक्य मानणारा होता. आपल्याच श्रद्धेचा इतका सोयीचा साक्षीदार त्याने सहा वर्षे दाराबाहेर उभा ठेवला. मला ते जमले असते?