मुक्याचा बळी

खेळांत केलेलें पाप हें पाप होय कीं नव्हे? अंबड येथील आमच्या घरीं हा प्रश्न परवा अवचित उभा राहिला. पुतण्या संगणकावर ‘इन्स्क्रिप्शन’ नांवाचा पत्त्यांचा खेळ खेळत होता. डॅनियल मलिन्स यांचा हा खेळ २०२१ सालीं निघाला. अंधारी झोपडी, समोर प्रतिस्पर्ध्याचे केवळ डोळे. येथें पान उतरावयाचें तर रक्त द्यावें लागतें. लांडगा हवा, तर दोन खारींचा बळी! खार फुकट मिळते. म्हणून सेतूंतील खारीचा वाटा कौतुकानें सांगणाऱ्या आमच्या घरांतहि तिची हळहळ कोणास वाटली नाहीं.

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत १२० पानें असतात. तेथेंहि हलकें पान भारी पानास बळी पडतें. परंतु तें बोलत नाहीं. या खेळांत मुंगसासारख्या एका प्राण्याचें पान बोलतें, बळी जातांना कुरकुरतें. तेव्हां मात्र पुतण्याचा हात थबकला.

कागदी खारीस जीव नाहीं, हें मला मान्य आहे. परंतु हात कोठें थबकतो, हें खेळ दाखवितो. येथील औद्योगिक वसाहतींत माझा लहानसा कारखाना आहे. गेल्या मंदींत चार माणसें कमी करावयाचीं होतीं. जे भांडले असते, त्यांचीं नांवें मीं टाळलीं; कंत्राटावरचीं चार अबोल माणसें यादींत घालून मोकळा झालों. माझा हात थबकला नाहीं.

ज्यास आवाज नाहीं त्यास किंमत नाहीं, या हिशेबांतच पाप आहे. मग तो पटावर मांडा कीं वहींत. पुतण्यास खेळ बंद कर म्हणण्याचा अधिकार मला उरला नाहीं.